आई ओरडायच्या आधीचा पॉइंट



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण "आमच्याकडे ते सगळं नवराच बघतो" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढे सरकू नये. जानेवारीतल्या त्या शनिवारपर्यंत मीही तेच म्हणायचे.

आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ८ वर्षांची. घरात एक लॅपटॉप आहे जो कुणा एकाचा नाही. मुलांचा गृहपाठ त्यावर, घराची बिलं त्यावर, रविवारच्या मराठी शाळेची माझी तयारी त्यावर, आणि भारतवारीच्या फोटोंचा ढीगही त्यावरच. तुमच्याकडेही असा एक असेलच. "यंदा नवा घेऊ" म्हणता म्हणता सहा वर्षं झालेला.

त्या शनिवारी संध्याकाळी बाराखडीचे तक्ते छापायला मी लॅपटॉप उघडला. स्क्रीन दोनदा लुकलुकली आणि काळी झाली. आतला पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण समोर काही नाही. बंद करून परत चालू केला. तेच. तिसऱ्यांदा केला. तेच.

मुलगा तिथेच सोफ्यावर बसला होता. एरवी घरात काही बिघडलं की "मी बघू? मी बघू?" करत सगळ्यांच्या आधी धावतो. त्या दिवशी त्याने मान वर केली नाही. मला तिथेच कळायला हवं होतं.

नवऱ्याने ओळखीतल्या एका कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सोपं आहे. रीसेट मारा. सगळं पुसून विंडोज नव्याने टाका, तासा-दोन तासाचं काम." नवरा "बरं, बरं" म्हणत होता आणि इकडे माझ्या पोटात गोळा आला.

कारण त्या लॅपटॉपमध्ये माझे बाबा होते.

बाबा वाईला असायचे. दर शनिवारी आमच्या सकाळी अकराला, म्हणजे तिकडे दुपारी साडेतीन नाहीतर साडेचारला, इथली घड्याळं पुढेमागे होतील तसं, ते मुलांना व्हिडिओ कॉलवर एक गोष्ट सांगायचे. कृष्णेच्या पुराची, ढोल्या गणपतीच्या घाटावर पोहायला शिकल्याची, मेणवलीच्या मोठ्या घंटेची, त्यांच्या छडीवाल्या मास्तरांची. त्यातल्या ४१ गोष्टी मी रेकॉर्ड केल्या होत्या. बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. ४१ फाइल्स त्या एका लॅपटॉपवर होत्या, आणि फक्त तिथेच होत्या. "एकदा नीट कॉपी करून ठेवायचंय" हे वाक्य दोन वर्षं माझ्या कामांच्या यादीत तसंच पडून होतं. हसू नका, तुमच्याही यादीत असेल.

"काही पुसायचं नाही," मी म्हटलं. आणि मग मी ओरडले. खोटं कशाला सांगू? कोणी काय केलंय, कधी केलंय, सगळं एका दमात. घर शांत झालं. शेवटी धाकटी म्हणाली, "दादाने वेनस्डेला काहीतरी डाउनलोड केलं."

मग बाहेर आलं ते असं. बुधवारी त्याने एका खेळासाठी कुठून तरी फुकटचा मॉड उतरवला होता. इन्स्टॉल करताना "नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री" करत गेला. त्या मॉडच्या पाठीला लागून आणखी दोन पाहुणे आले. एकाने ब्राउझरचं पहिलं पान बदलून टाकलं. दुसरा म्हणे "तुमचे ड्रायव्हर जुने आहेत, नवे टाकतो" म्हणणारा. त्याने स्क्रीनचा चालता ड्रायव्हर काढून भलताच टाकला. लुकलुकणं बुधवारी रात्रीच सुरू झालं होतं. त्यानंतर तीन दिवस पोरगा एकटा ते निस्तरत होता. व्हिडिओ बघून हे काढ, ते काढ, हे डिलीट कर.

"आय वॉज गोइंग टू फिक्स इट बिफोर यू सॉ, आई."

बारा वर्षांचं पोर तीन दिवस आपल्याच घरात चोरासारखं वावरत होतं, आणि मला वाटत होतं हल्ली फार शांत झालाय, छान झालं!

त्या रात्री फोनवर वाचता वाचता सिस्टम रिस्टोर सापडलं. विंडोजमध्ये ही सोय २००० सालापासून आहे. मी वीस वर्षं विंडोज वापरतेय आणि एकदाही तिकडे फिरकले नव्हते.

ते काय करतं, हे मी मराठी शाळेतल्या एका आईला सांगितलं तसंच सांगते. समजा, तुमच्या स्वयंपाकघरात कोणीतरी येऊन सगळी मांडणी बदलली. खुंट्या हलवल्या, फळ्या काढल्या, गॅसची नळी भलतीकडे जोडली. आता चहाही होईना. सिस्टम रिस्टोर म्हणजे मंगळवारी मांडणी कशी होती त्याची नोंद बघून सगळं परत तसं लावणं. पण डब्यांच्या आत ते हात घालत नाही. डब्यातली साखर तुमची, ती सांडणार नाही. आणि मधल्या काळात कोणी साखर संपवली असेल, तर ते ती भरूनही देणार नाही.

कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर विंडोजच्या फाइल्स, रजिस्ट्री, ड्रायव्हर, इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम हे मागच्या तारखेला जातात. तुमचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं जिथल्या तिथे राहतात. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. दोन्ही बाजूंनी नाही वाचलं. ते पुढे कळलं.

विंडोज उघडतच नसेल तर हे करायचं कसं? लॅपटॉप सुरू होत असतानाच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच ओळखतं की काहीतरी बिनसलंय आणि दुरुस्तीची निळी स्क्रीन आणतं. (लॉगिनपर्यंत पोचत असाल तर शिफ्टची कळ दाबून 'रीस्टार्ट' केलं तरी तिथेच पोचता.) आमची ती निळी स्क्रीन नीट दिसली, कारण बिघडलेला ड्रायव्हर तिथे वापरला जात नव्हता. तिथून 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'सिस्टम रिस्टोर'. 'ट्रबलशूट'मध्ये 'रीसेट धिस पीसी' अगदी शेजारी असतं, तिथे घाईत बोट जाऊ देऊ नका.

आणि तिथे त्याने मागितली बिटलॉकर की. ४८ आकडी! मला तोवर बिटलॉकर हा शब्द माहीत नव्हता. डिस्कवरची माहिती चोराच्या हाती लागू नये म्हणून विंडोज तिला कुलूप लावतं, हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर आपल्या नकळत, आणि किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवते. फोनवरून खात्यात शिरलो, उपकरणांच्या यादीत लॅपटॉप सापडला, त्याच्या खाली किल्ली. मी आकडे वाचत गेले, मुलगा टाइप करत गेला. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तीन दिवसांनी पहिल्यांदा तो माझ्या शेजारी येऊन बसला होता.

यादीत तीन रिस्टोर पॉइंट होते. एक मंगळवार रात्रीचा, विंडोज अपडेटच्या वेळी आपोआप पडलेला. सिस्टम रिस्टोर बऱ्याच कॉम्प्युटरवर बंदच असतं. आमच्याकडे चालू होतं हे निव्वळ नशीब. तिथे 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स' असं एक बटण असतं, ते जरूर दाबा. मागे गेल्यावर कुठले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातील ते आधीच दाखवतं. मुलगा एकेक नाव वाचत होता. "हा मी टाकला. हा पण. हा मी नाही टाकला, ही इज द बॅड वन." पोलिसात जबाब देतात तसं.

मग 'फिनिश'. एकदा सुरू झालं की मध्ये थांबवायचं नाही, म्हणून चार्जर लावून ठेवला. आमच्याकडे ३५ मिनिटं लागली. खिचडी झाली, जेवणं झाली, कोणी फारसं बोललं नाही.

लॅपटॉप उघडला. स्वच्छ, स्थिर स्क्रीन, आमचा महाबळेश्वरचा फोटो. ब्राउझरचं पान पूर्वीचं. मी थेट बाबांचा फोल्डर उघडला.

३५.

पुन्हा मोजल्या. ३५. रीसायकल बिन रिकामा. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रीव्हिअस व्हर्जन्स'मध्ये पाहिलं, तिथेही काही नाही.

मुलाचा चेहरा पाहिला आणि मला विचारावं लागलं नाही. गुरुवारी "डिस्कवर जागा कमी आहे" असं दिसल्यावर त्याने सगळ्यात मोठ्या फाइल्सची यादी काढली होती, वरच्या काही डिलीट केल्या होत्या आणि माग राहू नये म्हणून बिनही रिकामा केला होता. फाइल्सना नावं नव्हती, नुसत्या तारखा होत्या. त्या मीच तशा ठेवल्या होत्या, घाईत.

"मला माहीत नव्हतं ते आजोबा आहेत," तो म्हणाला. मराठीत म्हणाला.

त्यावर ओरडण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

पुण्याच्या बहिणीला मी वेळोवेळी काही गोष्टी पाठवल्या होत्या. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी तिने उठून शोधलं. सहापैकी चार मिळाल्या. दोन गेल्या. एक मेणवलीच्या घंटेची. दुसरी कुठली होती तेही आता कोणाला आठवत नाही, आणि खरं सांगू, मला त्या दुसरीचंच जास्त वाईट वाटतं.

आता तुमच्यासाठी. आमचं जे नशिबाने झालं ते तुम्ही मुद्दाम करून ठेवा. विंडोज १० असो वा ११, दहा मिनिटांचं काम आहे.

१. स्टार्टच्या शोधपट्टीत 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' टाइप करा आणि येईल ते उघडा. 'सिस्टम प्रोटेक्शन'ची खिडकी येते.

२. सी ड्राइव्हसमोर 'ऑफ' दिसत असेल तर तो निवडून 'कॉन्फिगर' दाबा, 'टर्न ऑन सिस्टम प्रोटेक्शन' निवडा. खाली किती जागा द्यायची ते विचारतो. आम्ही ५ टक्के दिली.

३. मग 'क्रिएट' दाबा आणि पॉइंटला ओळखू येईल असं नाव द्या. तारीख-वेळ तो स्वतः लावतो.

४. नवा प्रोग्रॅम, नवा प्रिंटर, मुलांचा नवा मॉड, काहीही टाकण्याआधी पुन्हा एक पॉइंट. जागा भरली की जुने पॉइंट आपोआप जातात, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ते जास्तीत जास्त ६० दिवसच राहतात. म्हणजे गेल्या दिवाळीतला पॉइंट होळीला मिळेल या भरवशावर राहू नका.

५. बिटलॉकर की आजच शोधून कागदावर लिहा. पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको!

विंडोज नीट चालू असताना रिस्टोर केलं आणि पटलं नाही, तर 'अनडू सिस्टम रिस्टोर' करून परत येता येतं. पण आमच्यासारखं निळ्या स्क्रीनवरून केलं तर ते मागे घेता येत नाही, फार तर दुसरा पॉइंट निवडता येतो. म्हणून तारीख नीट बघून निवडा.

आणि ते काय करत नाही, हेही लक्षात ठेवा. ते बॅकअप नाही. पॉइंट त्याच डिस्कवर असतात, डिस्क गेली की तेही गेले. पुसलेला फोटो आणत नाही. व्हायरस गेलाच याची खात्री देत नाही. आम्ही नंतर पूर्ण स्कॅन केला, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स एकेक करून तपासली आणि महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलले. मधल्या काळात टाकलेले चांगले प्रोग्रॅमही जातात, ते परत टाकावे लागतात. मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे टाइम मशीन आहे, ते वेगळं प्रकरण आहे, पण त्यासाठीही बाहेरची डिस्क आधी जोडलेली लागते.

अजून एक. तिकडे आईबाबांकडे लॅपटॉप असेल तर पुढच्या भारतवारीत, आंबे आणि नातेवाईक यांच्यामध्ये, अर्धा तास काढून हे सगळं तिथेही करून या. 'सिस्टम प्रोटेक्शन' चालू करा, पॉइंट पाडा, किल्ली वहीत लिहून देवघराच्या कपाटात ठेवा. मग "अगं, काहीतरी दाबलं गेलं आणि सगळं गेलं" असा फोन आला की इथून एकेक बटण सांगता येतं. मात्र "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" म्हणून कोणी परक्याने फोन केला आणि त्यांनी त्याला कॉम्प्युटर आत बघू दिला असेल, तर फक्त रिस्टोरवर थांबू नका. आधी इंटरनेट तोडायला सांगा, मग बँकेला फोन, मग दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड. आणि एक विनंती: "कशाला उचलला फोन?" असं म्हणू नका. पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

हे मी आईबाबांबद्दल सहज लिहिलं. स्वतःच्या मुलाबद्दल कळायला मला सहा फाइल्स लागल्या.

बघा ना, बुधवारी रात्री लुकलुकायला लागल्या लागल्या तो आला असता तर दहा मिनिटांत मंगळवारवर गेलो असतो. एकही फाइल गेली नसती. जे गेलं ते त्या मॉडने नाही नेलं. ते मधल्या तीन दिवसांत गेलं, आणि ते तीन दिवस माझ्या आवाजाच्या भीतीने तयार झाले होते. आपण इथे एकटे असतो, आजी-काका-आत्या कोणी नसतं. मुलाने चुकून काच फोडली तर आधी आजीच्या पदराआड जायची जी सोय आपल्याला होती, ती यांना नाही. इथे चूक झाली की सांगायला आहोत ते आपणच, आणि रागावणारेही आपणच.

म्हणून आता आमच्याकडे दोन नियम आहेत. पहिला: काहीही नवीन टाकण्याआधी पॉइंट पाडायचा. दुसरा: कोणी येऊन "माझ्याकडून झालं" असं सांगितलं, तर पहिली दहा मिनिटं कोणीही ओरडायचं नाही. त्या दहा मिनिटांत फक्त दुरुस्ती. अकराव्या मिनिटाला आई काय ते बोलेल. दुसरा नियम पाळणं मला पहिल्यापेक्षा फार जड जातं. दोनदा मोडलाय. धाकटी घड्याळ दाखवते.

बाबांच्या ३९ गोष्टी आता तीन ठिकाणी आहेत: लॅपटॉपवर, बाहेरच्या डिस्कवर आणि पुण्याला बहिणीकडे. प्रत्येक फाइलला नाव आहे. नावं मुलाने दिली, एकेक ऐकून. त्याला सगळे शनिवार लागले, आणि मी लावला असता त्यापेक्षा चांगला मराठीचा क्लास झाला.

चाळिसावी फाइलही आहे. मेणवलीच्या घंटेची गोष्ट त्यानेच सांगितली, आठवेल तशी, आणि आम्ही रेकॉर्ड केली. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तिथपर्यंत नीट आलं. पुढे घंटा घाटापर्यंत कशी आणली, आजोबांनी हत्ती म्हटलं होतं की बैल, ते त्याला आठवेना. धाकटी ठामपणे हत्ती म्हणते. दोघांचं भांडणही रेकॉर्ड झालंय. तसंच ठेवलंय.

काल प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकायच्या आधी मी 'सिस्टम रिस्टोर' उघडलं, तर एक पॉइंट आधीच पडलेला होता. नाव देवनागरीत टाइप केलेलं: "आई ओरडायच्या आधी".

मी नाही ओरडले. काय टाकणार होतास, एवढंच विचारलं. त्याने सांगितलं.

मंडळी, आज रात्री मुलं झोपली की दहा मिनिटं काढा आणि तुमच्या घरचा पॉइंट पाडा. आणि फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये कुणाचा आवाज नुसत्या तारखेच्या नावाने पडून असेल, तर त्याला आधी नाव द्या.